रंगाच्या भट्टीत गाडीचं बोनेट मजबूत कसं होतं? हलक्या धातूंच्या गाड्यांमागचं विज्ञान

ॲल्युमिनियमचं बोनेट असलेली गाडी कारखान्यात रंग मारून झाल्यावर भट्टीत जाते. भट्टीचं तापमान साधारण १७० ते १८५ अंश सेल्सिअस, मुक्काम २० ते ३० मिनिटं. वरवर पाहता काम एकच, रंग पक्का करणं. पण भट्टीतून बाहेर आलेलं बोनेट आत गेलेल्या बोनेटपेक्षा मजबूत झालेलं असतं. पत्रा तोच, जाडी तीच, वजनही तेच. काही मिश्रधातूंमध्ये तर पत्र्याला कायमचा पोचा पाडायला लागणारा ताण या अर्ध्या तासात जवळपास दुप्पट होतो.

हा योगायोग नाही. पत्रा बनवणाऱ्या रोलिंग मिलपासून रंगाच्या भट्टीपर्यंतचा सगळा हिशोब आधीच मांडलेला असतो. गाडीसाठी हलका धातू शोधणं हे काम १०० वर्षांपूर्वीच झालं. तेव्हापासून संशोधक ज्या गोष्टीशी झगडतायत ती वेगळी आहे. तो धातू किती तापवायचा, किती वेगाने थंड करायचा, कधी वाकवायचा आणि कशाने जोडायचा? मजबुती तिथे ठरते.

जड गाडी म्हणजे सेफ गाडी?

सोशल मीडियावर गाड्यांची चर्चा सुरू झाली की दोन गोष्टी हमखास येतात. एक, दरवाजा धाडकन लावून "आवाज बघा, काय दणकट पत्रा आहे" सांगणारा व्हिडिओ. दुसरी, हलक्या गाडीच्या खाली पडणारी "पत्र्याचा डबा" ही कमेंट.

यातलं अर्धंच खरं आहे. समोरासमोर धडक झाली तर जड गाडीतल्या माणसांना भौतिकशास्त्राचा थोडा फायदा मिळतो, हे नाकारता येत नाही. पण दरवाजाचा बाहेरचा पत्रा आणि अपघातात माणसाला वाचवणारा सांगाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरचा पत्रा बऱ्याच अंशी कातडीसारखा असतो. धक्का झेलतात ते आतले खांब, आडव्या पट्ट्या आणि पुढे-मागे चुरगळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले भाग. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत गाडीला तारे मिळतात ते याच गोष्टींच्या वागण्यावर. दरवाजाच्या आवाजाला तिथे गुण नाहीत.

दुसऱ्या बाजूला वजनाची किंमत रोज मोजावी लागते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीचं वजन १० टक्क्यांनी कमी केलं तर मायलेज साधारण ६ ते ८ टक्क्यांनी सुधारतं, असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. इलेक्ट्रिक गाडीत तर बॅटरीच शेकडो किलोंची असते. तिचं वजन कुठून तरी वजा करावंच लागतं, नाहीतर जड गाडी ओढायला आणखी मोठी बॅटरी आणि मोठ्या बॅटरीमुळे आणखी जड गाडी असं चक्र सुरू होतं.

घनतेचे आकडे बघितले तर उपाय सोपा वाटतो. एक घन सेंटिमीटर पोलाद सुमारे ७.८ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम आणि मॅग्नेशियम फक्त १.७४ ग्रॅम. म्हणजे पोलाद काढा, ॲल्युमिनियम घाला, वजन एकतृतीयांश? तसं होत नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एकतृतीयांश आहे. तोच पत्रा तेवढ्याच जाडीचा ठेवला तर तो लेचापेचा होईल, म्हणून तो जाड घ्यावा लागतो. प्रत्यक्षात एखाद्या भागामागे वाचणारं वजन बहुतेकदा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असतं. तरीही ते थोडं नाही. फोर्डने २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० या अमेरिकेत प्रचंड खपणाऱ्या पिकअप ट्रकची बॉडी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा ट्रकचं वजन ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे जवळपास ३१७ किलोंनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं होतं.

शनिवारी मऊ, सोमवारी कडक

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. घरातली फॉइल आठवा. त्याची गाडी करायची तर आधी ते कडक करायला हवं, आणि ते कसं करायचं हे सापडलं जवळपास चुकून.

आल्फ्रेड विल्म हे जर्मन धातुशास्त्रज्ञ बर्लिनजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे लोहारांना हजारो वर्षं माहीत आहे. विल्म तेच ॲल्युमिनियमवर करून बघत होते. साल १९०६. त्यांनी तांबं आणि थोडं मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम तापवलं, झटकन थंड केलं आणि कडकपणा मोजला. फार काही हाती लागलं नाही. सांगतात ते असं, की तो शनिवार होता. उरलेली मोजमापं सोमवारी घेतली तर तोच तुकडा बराच कडक झालेला! मधल्या काळात त्याला कुणी हातही लावला नव्हता.

हा धातू पुढे ड्युराल्युमिन नावाने विकला गेला आणि पहिल्या महायुद्धात झेपेलिन हवाई जहाजांच्या सांगाड्यात पोहोचला. गंमत म्हणजे तो कडक का होतो हे विल्म यांना शेवटपर्यंत नीट उलगडलं नाही. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचं कारण मांडलं आणि १९३८ मध्ये फ्रान्सचे आंद्रे गिनिए आणि ब्रिटनचे जॉर्ज प्रेस्टन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या मदतीने त्याचा पुरावा दिला.

कारण समजायला साखरेचा पाक पुरेसा आहे. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. पाक हळूहळू थंड केला की जादा साखर खडे होऊन बाहेर पडते. गरम ॲल्युमिनियममध्येही तांबं, मॅग्नेशियम, सिलिकॉन असे घटक जास्त विरघळतात. मात्र ते झटकन थंड केलं तर या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि ते आत अडकून बसतात. मग तास, दिवस जातात तसे ते हळूहळू सरकत एकत्र येतात आणि अतिशय बारीक गाठी तयार होतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या.

या गाठींचं काम काय? धातू वाकतो तेव्हा त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकत असतात. गाठी मध्ये आल्या की हे सरकणं अडतं, म्हणजेच धातू कडक होतो. पण गाठी योग्य आकाराच्याच हव्यात. फार लहान असतील तर थर त्यांना कापून पुढे जातात. फार वेळ तापवत राहिलं तर बारीक गाठी विरून मोजक्या मोठ्या गाठी उरतात, त्यांच्यामधली जागा मोकळी होते आणि धातू पुन्हा मऊ पडतो. म्हणजे शिजवणं कमी झालं तरी बिघडलं, जास्त झालं तरी बिघडलं.

कंपनीला पत्रा मऊ हवा, ग्राहकाला कडक

आता बोनेटकडे परत येऊ. गाडीच्या कारखान्याला पत्रा मऊ हवा असतो, कारण प्रेसमध्ये दाबून त्याला वळणं द्यायची असतात. कडक पत्रा तिथेच फाटेल. गाडी विकत घेणाऱ्याला मात्र तो कडक हवा असतो, नाहीतर पार्किंगमध्ये कुणी टेकलं तरी पोचा पडायचा.

यावर तोडगा म्हणजे ६००० मालिकेतले मिश्रधातू, ज्यांत मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं. मिलमध्ये पत्रा ५०० अंशांच्या वर तापवून झटकन थंड करतात. तो मऊ अवस्थेत कारखान्यात जातो, दाबला जातो, जोडला जातो, रंगवला जातो. मग रंगाच्या भट्टीत त्या गाठी धरतात. कडक करण्यासाठी वेगळी भट्टी नाही, वेगळा खर्च नाही.

यात एक अडचण होती, आणि तिने अनेक संशोधकांना अनेक वर्षं कामाला लावलं. विल्म यांच्या तुकड्यासारखाच हा पत्राही नुसता पडून राहिला तरी आत बदलत राहतो. मिलमधून निघालेलं रीळ गोदामात, ट्रकमध्ये, पुन्हा गोदामात असं काही आठवडे ते काही महिने फिरतं. तेवढ्या काळात साध्या तापमानालाच मॅग्नेशियम-सिलिकॉनचे छोटे पुंजके जमतात. हे पुंजके चुकीच्या जातीचे. ते अणू अडवून ठेवतात आणि भट्टीत ज्या उपयोगी गाठी व्हायला हव्यात त्यांना कच्चा मालच उरत नाही. परिणामी पत्रा दाबायला थोडा जास्त कडक आणि भट्टीतून निघाल्यावर थोडा जास्त मऊ. दोन्हीकडून तोटा.

उद्योगाने यावर काढलेला मार्ग असा: पत्रा थंड केल्याबरोबर लगेच पुन्हा जेमतेम १०० अंशांच्या आसपास कोमट करायचा आणि रीळ सावकाश निवू द्यायचं. त्याने वेगळे, कामाचे पुंजके आधीच रुजतात आणि गोदामातला वेळ फारसा त्रास देत नाही. दही लावण्यासारखंच म्हणा ना, विरजण योग्य वेळी पडलं की पुढचं आपोआप होतं.

ऑस्ट्रियातल्या लेओबेन विद्यापीठातल्या गटाने दुसरा रस्ता दाखवला. त्यांनी मिश्रधातूत कथील अगदी नाममात्र मिसळलं. धातूच्या जाळीत काही जागा रिकाम्या असतात आणि अणू सरकतात ते या रिकाम्या जागांच्या आधाराने. साध्या तापमानाला कथिलाचे अणू या रिकाम्या जागा धरून ठेवतात, त्यामुळे आतली हालचाल थंडावते. भट्टीच्या तापमानाला पकड सुटते आणि काम नेहमीच्या वेगाने सुरू होतं. २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तर भट्टीलाच फाटा दिला. त्यांनी धातूचा नमुना साध्या तापमानाला पुन्हा पुन्हा ताणला-दाबला आणि त्या हालचालीनेच बारीक पुंजके तयार करून दाखवले. प्रयोगशाळेतला दांडा आणि कारखान्यातलं बोनेट यांत अंतर मोठं आहे, पण कल्पना भन्नाट आहे.

वाकवलं तर उलटतं, जोडायला गेलं तर नखरे

ॲल्युमिनियमचा कमी ताठपणा प्रेसमध्येही आडवा येतो. साच्यात दाबून सोडलेला पत्रा स्प्रिंगसारखा थोडा परत उलटतो. हे पोलादातही होतं, पण ॲल्युमिनियममध्ये जास्त. त्यामुळे साचे मुद्दाम थोडे जास्त वळवून बनवावे लागतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये यासाठी गरम पद्धत विकसित झाली. पत्रा ५०० अंशांच्या वर तापवायचा, तसाच थंड साच्यात दाबायचा आणि साचा बंद ठेवूनच निववायचा. आकार देणं आणि झटकन थंड करणं एकाच ठोक्यात होतं, आणि पत्रा उलटण्याचं प्रमाणही घटतं.

जोडकाम हा वेगळाच ताप. पोलादी गाडीला हजारो स्पॉट वेल्ड असतात. ॲल्युमिनियम उष्णता आणि वीज दोन्ही भराभर वाहून नेतं, त्यामुळे तिथे कितीतरी जास्त करंट लागतो. शिवाय त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. धातू ६६० अंशांना वितळतो आणि पापुद्रा २००० अंशांच्याही वर, म्हणजे आतलं पाणी झालं तरी वरची साय तशीच. म्हणून २००३ च्या जग्वार एक्सजेमध्ये बॉडी मुख्यतः रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडली होती, विमानाच्या पद्धतीने. हीच जग्वार २००८ पासून टाटा मोटर्सकडे आहे. दुसरा पर्याय फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचा. ब्रिटनच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत १९९१ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत धातू वितळवतच नाहीत. फिरणारी पिन सांध्यात घुसवून घर्षणाने तो मऊ करतात आणि कणीक मळावी तसा एकमेकांत मिसळतात.

मॅग्नेशियम: सगळ्यात हलकं, सगळ्यात हट्टी

एवढं सगळं ॲल्युमिनियमसाठी, तर त्याहून एकतृतीयांश हलकं मॅग्नेशियम का नाही वापरत?

वापरलं होतं. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलच्या मागे बसवलेल्या इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असायचं, एका गाडीत सुमारे २० किलो. आजही अनेक गाड्यांत स्टीअरिंगचा सांगाडा किंवा डॅशबोर्डमागची आडवी तुळई मॅग्नेशियमची असते. पण हे सगळे ओतीव भाग आहेत. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, काम झालं. मॅग्नेशियमचा पत्रा करून दरवाजा दाबायचा म्हटलं की गाडी अडते.

दोष त्याच्या अणूंच्या मांडणीत आहे. ॲल्युमिनियमचे अणू अशा पद्धतीने रचलेले असतात की थरांना सरकायला अनेक दिशा मिळतात. मॅग्नेशियमची रचना षट्कोनी. साध्या तापमानाला तिथे थर सहज सरकतात ते एकाच पातळीत, पत्त्यांच्या जोडासारखे. जोड आडवा सरकवा, पत्ते छान पसरतात. पण तोच जोड वरून दाबा, काही होत नाही. त्यात पत्रा लाटताना धातूचे बहुतेक कण एकाच बाजूला तोंड करून झोपतात, त्यामुळे अडचण सगळ्या पत्र्याची होते. वळवायला गेलं की तडा. २०० अंशांच्या वर तापवलं तर बाकीच्या दिशा जाग्या होतात, पण मग प्रत्येक साचा गरम ठेवा, तेल वेगळं वापरा, वेग कमी करा. लाखो गाड्यांच्या कारखान्याला हे परवडत नाही.

संशोधनाचा मोठा भाग या झोपलेल्या कणांना विस्कटण्यात गेला आहे. सिरियम, निओडिमियम अशी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं थोडी मिसळली की कणांची एकसारखी दिशा मोडते आणि पत्रा वळायला तयार होतो. पण ही मूलद्रव्यं महाग, आणि त्यांचाही पुरवठा मुख्यतः चीनकडे. म्हणून अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने यंत्राकडे मोर्चा वळवला. चकली पाडताना पीठ वरून दाबतात आणि ताटली स्थिर असते. त्यांनी ताटलीच फिरती ठेवली. धातूचा ठोकळा फिरत्या डायवर दाबला जातो, घर्षणाने तिथल्या तिथे तापतो, कण बारीक होतात आणि दिशाही विस्कटते. दुर्मीळ मृदा न मिसळताही मॅग्नेशियमच्या नळ्या बऱ्या निघतात. हीच पद्धत पुढे ॲल्युमिनियमच्या भंगारावरही वापरून बघण्यात आली.

आगीची भीती हा मॅग्नेशियमचा जुना डाग. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची ३०० एसएलआर गाडी प्रेक्षकांच्या बाजूला उडाली आणि ८० हून अधिक माणसं मेली. बहुतेक मृत्यू उडालेल्या तुकड्यांमुळे झाले, पण गाडीच्या बॉडीतलं मॅग्नेशियम पेटल्याने आग विझवणं अवघड झालं, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती आग. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होतो आणि आग भडकते, हे खरंच आहे. मात्र मॅग्नेशियमचा भुसा जितका सहज पेटतो तितका जाड ओतीव भाग पेटत नाही, कारण उष्णता आतवर पसरत जाते. कॅल्शियम मिसळून पेटण्याचं तापमान वाढवण्यावरही बरंच काम झालंय.

खरी धास्ती आता दुसरी आहे. जगातलं ८० टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम चीनमध्ये बनतं. २०२१ मध्ये वीजबचतीच्या सक्तीमुळे तिथल्या शान्शी प्रांतातल्या कारखान्यांनी उत्पादन कमी केलं, तर थेट युरोपच्या उद्योगात घबराट पसरली. कारण ॲल्युमिनियमच्या पत्र्यातही मॅग्नेशियम लागतं. शिवाय वितळलेलं मॅग्नेशियम हवेत पेटू नये म्हणून त्यावर बरीच वर्षं सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचं पांघरूण घालत. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे २३ हजारपट पृथ्वी तापवतो. हलकी गाडी करून वाचवलेलं प्रदूषण कारखान्यातच उडून जाण्याचा हा प्रकार. युरोपने त्यावर बंधनं आणली आणि पर्याय शोधावे लागले.

अख्खा मागचा भाग एकाच ओतीव तुकड्यात

टेस्लाने मॉडेल वाय गाडीचा मागचा तळ प्रचंड मोठ्या डाय कास्टिंग मशिनमध्ये ओतायला सुरुवात केली तेव्हा त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. ६,००० टनांच्या दाबाचं मशीन, आणि साधारण ७० तुकड्यांच्या जागी एकच तुकडा. व्हिडिओत मशीन दिसतं, मिश्रधातू दिसत नाही. एवढा मोठा, पातळ भाग तापवून पाण्यात बुडवला तर तो पापडासारखा वाकडा होईल. त्यामुळे उष्णता उपचार न करताच पुरेसा मजबूत राहील असा मिश्रधातू वापरावा लागला. दुरुस्तीचा प्रश्न उरतोच. ७० तुकड्यांतला एक बदलता येतो, एकातला सत्तरावा भाग कसा बदलणार?

भंगार, कोळसा आणि नागपूर

भारतासाठी या सगळ्या विषयातला नाजूक मुद्दा विजेचा आहे. एक किलो नवं ॲल्युमिनियम करायला नुसत्या विद्युत विघटनालाच साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते, आणि आपल्याकडच्या ॲल्युमिनियम भट्ट्या मुख्यतः कोळशाच्या विजेवर चालतात. म्हणजे ॲल्युमिनियमची गाडी रस्त्यावर येते तीच कर्ज घेऊन. हलकेपणामुळे वाचलेल्या इंधनातून ते कर्ज फिटायला गाडी बरीच चालावी लागते. भंगारातून तेच ॲल्युमिनियम पुन्हा करायला मात्र नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते.

मग सगळं भंगारातूनच का नाही? लोखंडामुळे. भंगार गोळा करताना स्क्रू, बोल्ट, खिळे येतात आणि वितळवताना थोडं लोखंड ॲल्युमिनियममध्ये उतरतं. ते नंतर काढणं फार कठीण. सिलिकॉनशी जुळून ते सुईसारखे टोकदार कण तयार करतं आणि तडा तिथूनच जातो. थोडं मँगनीज मिसळून या सुयांचा आकार बोथट करता येतो, पण मर्यादेपर्यंतच. आजवर असं मिसळीचं भंगार इंजिन ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या ओतकामात खपत होतं, तिथे थोडं लोखंड चालून जायचं. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही. मग हे भंगार जाणार कुठे? पत्र्याला ते चालत नाही. म्हणून लेझरने प्रत्येक तुकड्याची जात ओळखून वेगळं करणाऱ्या यंत्रांवर आणि जास्त लोखंड पचवणाऱ्या मिश्रधातूंवर सध्या जोर आहे.

नागपूरमध्ये याच धातूला वाहिलेली सरकारी संस्था आहे, जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्र. १९८९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था केंद्राच्या खाण मंत्रालयाखाली येते आणि बॉक्साइटपासून भंगाराच्या पुनर्वापरापर्यंत काम करते. मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदाल्कोने २००७ मध्ये नोवेलिस ही कंपनी विकत घेतली. जगभरातल्या कार कंपन्यांना ॲल्युमिनियम पत्रा पुरवणाऱ्या आणि भंगारातून तो करणाऱ्या बड्या कंपन्यांत नोवेलिस येते. हिंदाल्कोने २०२५ मध्ये पुण्याजवळच्या चाकणमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीसाठी ॲल्युमिनियमच्या पेट्या बनवायला सुरुवात केली. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांसाठी त्या जातात.

आणि तुमच्या अलॉय व्हीलचं काय?

हे सगळं मोठ्या कारखान्यांचं शास्त्र वाटत असेल तर गाडीच्या चाकाकडे बघा. अलॉय व्हील बहुतेकदा ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक असतं. कारखान्यात ते सुमारे ५४० अंशांवर काही तास तापवून पाण्यात बुडवतात आणि मग १५० ते १६० अंशांच्या आसपास काही तास मुरवतात. बोनेटच्या पत्र्याला मजबूत करतात त्याच जातीच्या गाठी इथे चाकाला मजबुती देतात.

खड्ड्यात आपटून रिम वाकली की अनेक ठिकाणी गॅसच्या टॉर्चने ती तापवून सरळ करून देतात. ज्योतीखालचा भाग सहज ३०० अंशांच्या पुढे जातो. तिथल्या बारीक गाठी काही मिनिटांत मोठ्या आणि विरळ होतात, आणि तेवढा पट्टा मऊ पडतो. चाक गोल दिसतं, हवा धरतं, रंग मारला की नव्यासारखं चमकतं. मजबुती गेली हे डोळ्यांना दिसत नाही. तडा गेलेल्या चाकाला वेल्डिंग केलं तर सांध्याच्या दोन्ही बाजूंनाही हेच होतं, आणि तो भाग आतल्या काड्यांजवळ असेल तर चाक बदलण्याला पर्याय नाही. कडेचा किरकोळ बाक कमीत कमी उष्णतेत, यंत्रावर दाबून काढणारं दुकान शोधणं आणि काम झाल्यावर तडे तपासून घेणं एवढं ग्राहकाच्या हातात असतं.

लोखंड तापवताना कारागिराला रंगावरून अंदाज येतो, आधी काळपट लाल, मग चेरीसारखं, मग नारिंगी. ॲल्युमिनियम असा कुठलाच इशारा देत नाही. वितळायच्या क्षणापर्यंत ते तसंच चंदेरी राहतं.